मोरीची फरशी ओल्या पायाने निवडा

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका आजींना भेटायला आम्ही दवाखान्यात गेलो. वय सत्तरीच्या पुढचं. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, ऊसतोडीला गेल्या, डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढल्या. कधी पडल्या नाहीत. पडल्या त्या स्वतःच्या नव्या घरकुलात, चार फूट बाय चार फुटांच्या मोरीत. खुब्याचं हाड मोडलं. मुलाने हौसेने मोरीत खाली पांढरी चकचकीत टाइल बसवून घेतली होती. आम्ही विचारलं, "आजी, पाय कसा घसरला?" त्या म्हणाल्या, "फरशी कसली बाई, आरसाच हाय तो. त्यात तोंड बघावं, पाय ठिवू नये."

शेजारी उभा असलेला मुलगा मान खाली घालून रडत होता. त्याला आम्ही तिथेच सांगितलं आणि इथेही लिहितो, की यात त्याचा दोष नाही. ज्यांच्या आज्याने शेणाने सारवलेल्या जमिनीवर दिवस काढले, ज्यांच्या आईने चार काठ्यांना पोती बांधून त्याच्या आडोशाला आंघोळ केली, त्या घरात पहिली टाइल लागते तेव्हा ती नुसती टाइल नसते. पाहुणा आला की घरातले लोक आधी मोरी दाखवतात, हे आम्ही कितीतरी घरांत पाहिलं आहे. त्या आनंदाला आमचा विरोध नाही. दुकानात कोरड्या टाइलवर चप्पल घालून उभं राहायचं, नक्षी बघायची, भाव करायचा आणि घेऊन यायचं, एवढ्यावर मोरीची फरशी ठरते, याला आहे. मोरीत कुणी चप्पल घालून कोरडं उभं राहत नाही. तिथे पाय अनवाणी असतो, ओला असतो आणि त्याला साबण लागलेला असतो. फरशी निवडायची ती त्या पायासाठी.

पडणं ही किरकोळ गोष्ट आहे असं आपल्याकडे मानतात. "म्हातारं माणूस, पडायचंच" असं म्हणून विषय संपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. त्यातली ८० टक्क्यांहून अधिक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली आहेत, म्हणजे आपल्यासारख्या देशांतली. त्यात सगळ्यात जास्त संख्या साठीच्या पुढच्यांची. वॉर्डात असताना खुबा मोडलेली म्हातारी माणसं आम्ही खूप पाहिली. हाडाने माणूस सहसा जात नाही. जातं ते पडून राहिल्याने. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. आणि जी वाचतात, त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा कधी एकट्याने परसाकडे जाता येत नाही.

आता फरशी घसरते कशी ते पाहू. तळवा ओल्या फरशीवर टेकतो तेव्हा दोघांच्या मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा सापडतो. फरशी गुळगुळीत असेल तर त्या पाण्याला बाजूला सरायला वाट मिळत नाही. पाय फरशीवर टेकतच नाही, तो पाण्यावर तरंगतो आणि पुढे निघून जातो. फरशी खरबरीत असेल तर तिच्या अंगावरचे बारीक उंचवटे पाण्याचा पापुद्रा फोडून तळव्याला भिडतात आणि पाणी मधल्या खळग्यांत उतरतं. हे कुणाला कळत नसेल तर पाट्याकडे बघावं. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, वरवंट्याखालून नुसती सरकते. मग आपण टाकी लावणाऱ्याला बोलावून पाट्याला टाकी लावून घेतो. मोरीच्या फरशीचं गणित तेच आहे. फरक एवढाच, की तिथे मिरचीच्या जागी आपण असतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात या गणितात आणखी दोन गोष्टी मिसळतात. एक म्हणजे बोअरचं पाणी. ते जड असतं, त्यात चुना जास्त. जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो आणि पांढुरकी चिकट साय जास्त तयार होते. ही साय फरशीवर बसते, वाळली की दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाणी पडलं की पुन्हा बुळबुळीत होते. "फरशी नवीन होती तेव्हा घसरत नव्हती, आता घसरते" असं बायका सांगतात, त्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या टंचाईची. आपल्या बहुतेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून मोरीत टिपाड ठेवलेलं असतं. दोनशे लिटरचं टिपाड जवळजवळ दोन फूट रुंद असतं, म्हणजे सोळा चौरस फुटांतली चारेक चौरस फूट जागा त्यानेच खाल्ली. त्याच्या शेजारी बादल्या, धुण्याचा दगड, कपड्यांचं पिळं. उरलेल्या जागेत माणसाने ओल्या फरशीवर उभं राहून, कमरेत वाकून, टिपाडातून तांब्या भरून घ्यायचा, तोही वळून. तोल जाण्यासाठी यापेक्षा चांगली सोय कुणी करून देऊ शकणार नाही. जमत असेल तर टिपाड मोरीच्या बाहेर भिंतीला लावून ठेवा आणि खाली तोटी बसवून तिची नळी आत घ्या. एवढ्या एका बदलाने मोरी रुंद होते आणि फरशी कोरडी राहायला लागते.

पूर्वी काय होतं? आपल्या भागातल्या माळवदाच्या घरांत न्हाणी बहुधा बाहेर असायची. खाली पाथरवटाने टाकी मारलेला काळा दगड, त्याला उतार, पुढे नाली. दिसायला काही नव्हतं, पण पाय धरून ठेवायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूरबरोबर आपल्या उमरगा आणि लोहारा भागातली दगडमातीची घरं पाडली. नंतर पुनर्वसनात भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांची घरं मिळाली. आता रमाई आवास योजनेत घर २६९ चौरस फुटांचं. दगडाची न्हाणी गेली ती गेलीच. ती चांगली होती म्हणून परत आणा असं आम्ही म्हणत नाही, उघड्यावर आंघोळ करायचे हाल आमच्या आयांनी भोगलेत. पण त्या दगडाचा एक गुण नव्या मोरीत आणता येतो.

हिशेब करा. २६९ चौरस फुटांतली मोरी १६ चौरस फुटांची. तेवढीच जागा खरबरीत करायची आहे. उरलेल्या २५३ चौरस फुटांत तुम्हाला हवी तशी चकाकी आणा, आमची हरकत नाही. मोरीच्या भिंतींनाही पांढरी गुळगुळीत टाइल लावा, ती पुसायला सोपी आणि स्वच्छ. भिंतीवर कुणी पाय ठेवत नाही. दुकानदार अनेकदा भिंतीची आणि खालची टाइल एकाच नक्षीची "सेट" म्हणून देतो. तिथे एकच प्रश्न विचारायचा: ही भिंतीची आहे की जमिनीची? भिंतीची टाइल खाली लावली तर ती घसरते आणि वजनाने फुटतेही.

कोणती फरशी घ्यावी, हे विचारणाऱ्यांना आम्ही आधी कोब्याचं नाव सांगतो. लोक नाक मुरडतात, पण सोळा चौरस फुटांसाठी सिमेंटच्या कोब्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं दुसरं काही नाही. अट एकच, तो घोटायचा नाही. आपल्याकडच्या गवंड्याला हाताची सफाई दाखवायची हौस असते. तो वरून कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि लोखंडी थापीने घोटून घोटून कोबा काचेसारखा करतो. त्याला आधीच सांगून ठेवा, की मोरीत लोखंडी थापी शेवटी फिरवू नको, लाकडी रंधा फिरव. नाहीतर कोबा ओला असतानाच त्यावर खराट्याने हलक्या रेघा ओढून घ्या. रेघा नालीच्या दिशेने ओढल्या तर पाणीही त्याच वाटेने पळतं. गवंडी म्हणेल, "वहिनी, काम खराब दिसंल." दिसू द्या. आणि कोब्याला आठवडाभर पाणी मारा, नाहीतर वरचा थर भुकटी होऊन निघतो आणि खरबरीतपणा त्याच्याबरोबर जातो.

शहाबादी फरशी आपल्याला घरची वाटते. ती येते शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या बाजूने, कोटा येतो राजस्थानातून. दोन्ही चुनखडीचे दगड. रफ शहाबादी मोरीसाठी चांगली. पॉलिश केलेली शहाबादी किंवा पॉलिश कोटा ओला झाला की टाइलचाच भाऊ. त्यामुळे मागताना "रफ" असा शब्द वापरूनच मागा. ग्रॅनाइट, संगमरवर आणि ओट्याला लावतात तो पॉलिश कडप्पा मोरीत नकोच. ओट्याचा उरलेला तुकडा मोरीत बसवायची पद्धत आहे, त्यातून एक ताई बाळंतपणाच्या आधी महिनाभर पडल्या. बाळ वाचलं, पण मनगट मोडलं.

चुनखडीच्या दगडाची आणखी एक गोष्ट. त्यावर बाथरूमचं अॅसिड ओतू नका. लिंबाचा थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे येतात. अॅसिडने तर दगड खाल्लाच जातो, सिमेंटचे सांधेही खाल्ले जातात आणि खड्ड्यांत घाण आणि शेवाळ बसतं. त्याहून मोठा धोका म्हणजे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करणं. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर जीव घाबरा होतो, दम्याच्या माणसाला तर जीवघेणाच. आपल्या कितीतरी बहिणी लोकांच्या घरी, दवाखान्यांत, शाळांत फरशी धुण्याचं काम करतात. त्यांनी हे घरात आणि कामावर दोन्हीकडे लक्षात ठेवावं. मालकीणबाई म्हणाली तरी दोन्ही एकत्र ओतू नये.

टाइलच हवी असेल तर आपण कोणत्या टाइल बघतो ते महत्त्वाचं. "मॅट" लिहिलंय म्हणजे घसरत नाही, हा गैरसमज आहे. मॅट म्हणजे चमकत नाही एवढंच. काही मॅट टाइल ओल्या झाल्या की चकचकीत टाइलइतक्याच निसरड्या होतात. "अँटी-स्किड" असा शिक्का बघा, पण नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. चांगल्या कंपनीच्या खोक्यावर कधी कधी इंग्रजी 'आर' अक्षर आणि पुढे ९ ते १३ मधला आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. ही तपासणी जर्मनीत सुरू झाली. तिरप्या होत जाणाऱ्या फळीवर टाइल लावतात, तिच्यावर तेल ओततात आणि बूट घातलेला माणूस तिच्यावर चालतो. किती अंशांपर्यंत तो चालू शकला त्यावर आकडा ठरतो. आर ९ हा सगळ्यात खालचा, दिवाणखान्यासाठी ठीक. मोरीसाठी आर १० किंवा आर ११ मागा.

पण ही परीक्षा बुटाची. जर्मन लोकांनी पोहण्याच्या तलावाच्या काठासाठी आणि सार्वजनिक न्हाणीघरांसाठी वेगळी परीक्षा केली आहे. तिथे फळीवर साबणासारखं पाणी सोडतात आणि माणूस अनवाणी चालतो. फळी १२ अंशांपर्यंत तिरपी होईपर्यंत टिकली तर वर्ग 'ए', १८ अंशांपर्यंत टिकली तर 'बी', २४ पर्यंत टिकली तर 'सी'. कपडे बदलायच्या खोलीला 'ए' चालतो. शॉवरखाली आणि तलावाच्या काठाला 'बी' लागतो. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना 'सी'. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. आपल्या जिल्ह्यात तलावाच्या काठी पाय सोडून बसणारे किती? पण मग लक्षात आलं, की अनवाणी पाय, साबण आणि पाणी ही तिन्ही आपल्या मोरीत रोज असतात. तिथल्या श्रीमंताच्या तलावाच्या काठाला जी पकड लागते, तीच आपल्या आजीच्या मोरीला लागते. खोक्यावर हे वर्ग क्वचितच छापलेले असतात, तरी विचारायला काय जातं?

आणि नसेल छापलं तर स्वतःची परीक्षा घ्या. दुकानात जाताना पाण्याची बाटली आणि साबणाचा तुकडा न्या. टाइल खाली ठेवायला सांगा, तिच्यावर पाणी ओता, साबण चोळा, चप्पल काढा. एका हाताने काउंटर किंवा मुलाचा खांदा घट्ट धरा आणि एक पाय तिच्यावर ठेवून हळूच पुढे ढकला. दोन-तीन टाइलवर हे केलं की तळवा आपोआप सांगतो कोणती धरते आणि कोणती सोडते. दुकानदार हसेल. आमच्याबरोबर आलेल्या एका मावशींना तर त्याने, "बाई, टाइल घ्यायची का धुणं धुवायचं?" असं विचारलं. मावशी म्हणाल्या, "दोन्ही हिच्यावरच करायचंय, म्हणून बघते." त्यानंतर त्याने स्वतःच आतून आणखी दोन नमुने आणून दिले.

टाइलचा आकारही बघा. मोठ्या टाइलला सांधे कमी, छोट्या टाइलला जास्त. सांध्यातली बारीक खाच पायाला धरायला आणि पाण्याला पळायला उपयोगी पडते. म्हणून मोरीत दोन फुटी टाइलपेक्षा एक फुटी किंवा त्याहून छोटी बरी. अंगणात लावायच्या जाड पार्किंग टाइल, चौकड्यांच्या सिमेंट टाइल काही घरांत मोरीत लावलेल्या आम्ही पाहिल्या. पकड उत्तम आहे. पण फार खोल नक्षी असेल तर खाचांत मळ बसतो, मुलांचे गुडघे सोलवटतात. आणि घरात साखरेचा आजार असलेलं कुणी असेल तर जपा. त्यांच्या तळव्याला बधिरपणा येतो. पाय घसरतोय हेही त्यांना उशिरा कळतं आणि खरखरीत फरशीने कातडी सोलली तरी कळत नाही. छोटी जखम चिघळून बोट कापायची वेळ आलेली आम्ही पाहिली आहे. त्यांच्यासाठी मध्यम खरबरीत फरशी, आणि रात्री झोपताना तळवे बघायची सवय.

फरशी चांगली निवडूनही उतार चुकला तर पाणी साचतं. गवंड्याला सांगायचं माप सोपं आहे: फुटाला पाव इंच. चार फुटांच्या मोरीत एक इंच. याहून जास्त उतार दिला तर तो उतारच पाय ओढतो. नहाणी ट्रॅपची जाळी भिंतीकडच्या कोपऱ्यात असावी, जिथे आपण उभे राहतो तिथे नको. फरशी बसवून झाली की गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी एक बादली पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. कुठे डबकं राहिलं तर तेव्हाच दाखवा. गवंडी निघून गेल्यावर तो फोन उचलत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

ज्यांच्याकडे चकचकीत टाइल आधीच लागून गेली आहे, त्यांचं काय? बहुतेक वाचक यातच असतील. टाइल पक्की बसलेली असेल, ठोकून पोकळ आवाज येत नसेल, तर तिच्यावरच टाइल चिकटवायच्या मसाल्याने छोट्या अँटी-स्किड टाइल बसवता येतात. फरशी अर्ध्या इंचाने वर येते, त्यामुळे दार आणि जाळी आधी तपासा. तेवढे पैसे नसतील तर भोकं असलेली रबरी चटई घ्या, जी खालून फरशीला धरते. रोज उचलून उभी करा आणि आठवड्याला दोन्ही बाजूंनी घासा, नाहीतर तिच्याखाली शेवाळ होऊन तीच घसरते. गोणपाट, जुनी साडी, पोतं खाली टाकू नका. गुळगुळीत टाइलवर ओलं पोतं म्हणजे घसरगुंडी. जुनी पॉलिश शहाबादी असेल, जाड असेल आणि खालून भरीव असेल, तर टाकी लावणाऱ्याकडून तिला जागेवरच हलकी टाकी लावून घ्या. पातळ किंवा पोकळ फरशीला हे करू नका, तडकते.

आणि साफसफाई. साबणाची साय काढायला आठवड्यातून एकदा गरम पाणी, कपडे धुवायची पावडर आणि ताठ ब्रश पुरतो. नंतर भरपूर पाण्याने धुवा, कारण पावडर राहिली तर तीही घसरते. हिरवं शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी अर्धा तास राहू द्या आणि मग घासा. ठिबकणारी तोटी आधी दुरुस्त करा, नाहीतर शेवाळ परत येतं. हे घासायचं काम घरातल्या पुरुषांनीही करावं. ज्याने आंघोळीला साबण वापरला त्याने ब्रश उचलावा, यात कुणाचा मान जात नाही.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे. बाळंतिणीची आणि बाळाची आंघोळ. आपल्याकडे आजी किंवा मालीशवाली मावशी पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर घेते, तेल लावते, पाणी घालते आणि मग तेलाने निसरडं झालेलं ओलं बाळ हातात घेऊन उठते. तिचे स्वतःचे पाय तेलकट, फरशी तेलकट, हातात महिनाभराचं बाळ. आम्हाला मोरीत सर्वांत जास्त भीती कसली वाटत असेल तर या अर्ध्या मिनिटाची. म्हणून नियम करा: ज्या बाईने आंघोळ घातली तिने बाळ घेऊन उठायचंच नाही. दुसरीने मोरीच्या बाहेर, कोरड्या जागेवर कोरडा पंचा पसरून उभं राहायचं आणि बसल्या बाईच्या हातून बाळ घ्यायचं. बाळंतिणीला गरम पाण्याच्या आंघोळीनंतर चक्कर येते, रक्त कमी असेल तर हमखास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यामुळे तिला आत एकटी ठेवून दाराला कडी लावू नका. त्या काळात दार नुसतं लोटलेलं ठेवावं.

दाराचंही तेच. मोरीचं आणि संडासाचं दार बाहेर उघडणारं असावं. आत उघडणारं दार, आत माणूस पडलेला, आणि त्याच्याच अंगाने दार अडलेलं, असं आम्ही एकदा अनुभवलं आहे. शेवटी पत्रा काढून आत उतरावं लागलं. घरकुलाबरोबर शौचालयासाठी स्वच्छ भारत योजनेतून १२ हजार रुपये मिळतात. तेवढ्यात दार बाहेरच्या बाजूला लावायला जास्तीचा रुपया लागत नाही, फक्त बिजागरी लावताना सांगावं लागतं. भिंतीला जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर लोखंडी पाइपचा दांडा बसवून घ्या, भिंतीत पक्का रोवलेला. टॉवेलचा दांडा धरून उठू नका, तो खिळ्यांसकट हातात येतो. आणि बल्ब. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, मोतीबिंदू झालेले, रात्री तीनदा उठणारे, यांना अंधारात ओलं-कोरडं दिसत नाही. उठल्यावर आधी बाजेवर मिनिटभर बसा आणि मग चालू लागा.

घराबाहेर दोन जागा आहेत. एक हापशाचा ओटा. त्याचा कोबा झिजलेला, कडा फुटलेली, नाली तुंबलेली आणि भोवती शेवाळ. ही दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे लेखी मागा, ओट्याला खराट्याच्या रेघा मारायला सांगा आणि पुढे शोषखड्डा मागा. दुसरी जागा आपलं विहार. वर्गणी गोळा करून आपण विहाराला चांगल्यातली चांगली फरशी घालतो, पायऱ्यांना पॉलिश ग्रॅनाइट लावतो. १४ एप्रिलला पहाटे सगळं धुऊन काढतो आणि मग म्हातारी माणसं, लेकरं अनवाणी त्याच ओल्या पायऱ्यांवर चढतात. आत हवं ते पॉलिश असू द्या, पण पायऱ्यांना आणि पाय धुवायच्या नळाजवळ खरबरीत दगड घाला. ग्रॅनाइटच हवा असेल तर ज्योतीने भाजून खरबरीत केलेला मिळतो, त्याला फ्लेम फिनिश म्हणतात. समितीच्या पुढच्या बैठकीत बायकांनी हा विषय काढावा. फरशी कोण पुसतं ते बैठकीत बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं.

इतकं करूनही कुणी पडलं तर? घाईने उचलून उभं करू नका. आधी विचारा, कुठे दुखतं. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं असेल तर खुबा मोडला असं धरून चाला. कधी कधी दुखणं फक्त गुडघ्यात जाणवतं, कधी माणूस चार पावलं चालतोही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला पडल्यावर पायावर भार देता येत नसेल तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नका. चोळू नका, ओढू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. पांघरूण घाला, १०८ ला फोन करा, आणि शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून पोटभर खायला घालू नका. खुब्याची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झाली तर माणूस लवकर उठतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या, योजनेतल्या रुग्णालयात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला गाठा. डोक्याला मार लागला असेल, उलटी झाली, झोप येत असेल, कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर लगेच दवाखाना. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर काही दिसत नसलं तरी दाखवा. गरोदर बाई पडली आणि पोटात दुखलं, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघू नका.

त्या आजींची शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी झाली. दीड महिन्याने त्या वॉकर घेऊन मोरीपर्यंत जाऊ लागल्या. मुलाने पांढरी टाइल फोडून काढली, रफ शहाबादी बसवली, भिंतीला पाइप रोवला. आजींनी पहिल्या दिवशी त्यावर पाय घासून बघितला आणि मुलाला म्हणाल्या, "आता ह्यो दगड कसा, आमच्या न्हाणीवानी." भिंतीची पांढरी टाइल मात्र त्यांनी काढू दिली नाही. ती त्यांना आवडते.